उसना तास

ऑक्टोबर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजले, की ब्रिटनमधील घड्याळे पुन्हा एक वाजल्याचे दाखवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे ओढून घेतलेला एक तास त्या रात्री परत केला जातो. सात महिन्यांची ही उसनवारी बिनव्याजी, बिनतारणाची आणि मुदत कधीही न चुकवणारी. सारी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात काढलेल्या माणसाला असा ऋणको पाहून समाधानच वाटायला हवे. परंतु गेल्या शरदात लेस्टरला मुलाकडे मुक्काम असताना ध्यानात आले, की ही परतफेड प्रत्येकाच्या खात्यात सारखी जमा होत नाही.

शरद म्हटले खरे, पण तो आपला शरद नव्हे. आपल्या बार्शीकडे आश्विन-कार्तिक म्हणजे धुतलेले आकाश, स्वच्छ चांदणे आणि बाजार समितीत उडीद-सोयाबीनची आवक. तिकडचा शरद हा आपल्या शिशिराचा भाऊ, पानगळीचा. बागेतल्या हॉर्स चेस्टनटच्या झाडांखाली तपकिरी, तुकतुकीत बिया पडतात आणि मुले त्यांत दोरा ओवून खेळतात. दिवस आखडू लागला, की पानांतील हरितद्रव्य नाहीसे होत जाते आणि त्याखाली उन्हाळाभर झाकलेला पिवळा रंग वर येतो. झाडे दिवसाची लांबी ओळखतात. घड्याळ त्यांना कोणी दाखवत नाही.

त्या देशात दिवस आखडतो म्हणजे किती? मुंबईत वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वादोन तासांचा फरक असतो. लेस्टरला जूनमध्ये दिवस जवळजवळ सतरा तासांचा, तर डिसेंबरात पावणेआठ तासांच्याही आतला. दिवसाचे चार प्रहर ही आपली जुनी वाटणी लावून पाहिली, तर तिथला प्रहर उन्हाळ्यात चार तासांहून मोठा आणि हिवाळ्यात दोन तासांहूनही लहान होतो. प्रहराची गंमत अशी, की तो सूर्याबरोबर आपोआप ताणला जातो आणि आपोआप आकसतो. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागत नाही.

घड्याळाला मात्र तो करावा लागला. विल्यम विलेट नावाचा लंडनचा एक बांधकाम व्यावसायिक उन्हाळ्यात पहाटे घोड्यावरून फेरफटका मारत असे. सूर्य वर आलेला आणि घराघरांच्या खिडक्या बंद, हे पाहून त्याचा जीव हळहळे. वाया जाणाऱ्या उजेडावर त्याने १९०७ मध्ये एक पुस्तिका छापली. त्याची मूळ योजना ऐंशी मिनिटांची होती. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटांनी घड्याळ पुढे न्यायचे आणि सप्टेंबरात तसेच मागे आणायचे. १९१५ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी, महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी, आधी जर्मनीने आणि मागोमाग ब्रिटनने एक तासाचा बदल स्वीकारला. आग्नेय लंडनमध्ये पेट्स वुड येथे विलेटचे स्मारक म्हणून एक सौर घड्याळ उभे आहे. ते मुद्दाम उन्हाळी वेळेनुसार कोरलेले असल्याने हिवाळाभर एका तासाने चुकत असते.

१९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने हिवाळ्यातही घड्याळ पुढेच ठेवून पाहिले होते. सकाळच्या काळोखाने, विशेषतः उत्तरेकडचे लोक, त्रासले आणि प्रयोग थांबला. मला विचाराल तर तो थांबायला नको होता. यात माझा स्वार्थ आहे, तो पुढे सांगतो.

तास परत केल्याच्या आदल्या दिवशी लेस्टरला सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास झाला. दुसऱ्या दिवशी तो पावणेपाचच्या आतच उरकला. सूर्य फार तर दोन मिनिटे लवकर गेला होता, पण कचेरीच्या वेळा घड्याळाला बांधलेल्या. शनिवारपर्यंत धावतपळत का होईना साधणारा चौविहार सोमवारी अशक्य झाला. डिसेंबरात तर तिथे चार वाजण्यापूर्वीच सूर्यास्त होतो. चिरंजीव सव्वातीनला डबा उघडतात. काही कुटुंबे शाळेतून मुलांना आणताना मोटारीतच जेवू घालतात, काही फक्त शनिवार-रविवारी पाळतात, काहींनी नियम पर्युषणापुरता ठेवला आहे. इथे ओट्यावर बसून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. मी ठेवत नाही. हिवाळ्यातही घड्याळ पुढेच असते तर डिसेंबरचा सूर्यास्त पाचच्या थोडा आधी झाला असता, हाच माझा स्वार्थ.

सूनबाई रुग्णालयात परिचारिका आहेत. त्यांची रात्रपाळी त्या रात्री एका तासाने लांबली. एकाच रात्रीत दीड दोनदा वाजतो. कागदावर नोंद करताना पहिला दीड कोणता आणि दुसरा कोणता, हे वेगळे लिहावे लागते. हिशेबनिसाच्या मनाला ही गोष्ट फार वेळ स्वस्थ बसू देत नाही.

खरी अडचण मात्र बार्शीत उभी राहिली. माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. नातवाला दुपारी एक वाजता जेवणाची सुटी मिळते, तेव्हा तो आजीला फोन करतो. उन्हाळ्यात दोन देशांच्या वेळेत साडेचार तासांचे अंतर. आपल्याकडे साडेपाच वाजलेले असत आणि आई सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून बसलेली असे. तास परत गेला आणि अंतर साडेपाच तासांचे झाले. भारताने घड्याळ हलवले नाही, तरी फोन साडेसहाला वाजू लागला. तेव्हा ती प्रतिक्रमणाला बसलेली. चार दिवस फोन कोणी उचलला नाही. पाचव्या दिवशी तिने धाकट्या भावाकरवी मला विचारले, “पोरगं रुसलं का रे?”

समजावून सांगितल्यावर मात्र तिला नवल वाटले नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, भारतातही घड्याळ एक तास पुढे होते, आणि ती तेव्हा लहान मुलगी होती. तिचे वडील दुकान नव्या टाइमाने उघडत, पण जेवायला सूर्य पाहून घरी येत. “गिऱ्हाईक घड्याळ बघून येतं, आपण सूर्य बघून जेवतो,” असे ते म्हणत. मुंबईने तर १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाल्यावरही आपली एकोणचाळीस मिनिटे मागची मुंबई वेळ पुढे कित्येक दशके सोडली नव्हती. आपल्या आगमांत जंबूद्वीपावर दोन सूर्य सांगितले आहेत, याची आठवण करून देत आईने विचारले, “मग लेस्टरवाल्यांचा दुसरा असेल का?” तिची थट्टा अशीच असते, चेहरा गंभीर ठेवून.

प्रतिक्रमणाची वेळ ती बदलणार नव्हती, आणि तसे सुचवण्याची माझी छाती नव्हती. शेवटी चिरंजीवांनी साहेबांना विचारून मार्चपर्यंत जेवणाची सुटी बाराला घेतली. मी नोव्हेंबरच्या अखेरीस परतलो. आता साडेपाचला फोन वाजतो. आई आधी विचारते, तिकडे ऊन आहे का. आणि मग, डबा किती वाजता खाणार.