कर्तव्य आणि मन : लेखांक सातवा – चुकीनंतरचा विश्वास

हातून घडलेल्या चुकीची कबुली देण्यास मन का कचरते, याचा विचार आपण मागील लेखांकात केला. परंतु कबुली दिल्यावर, वरिष्ठांचे शब्द निमूटपणे ऐकून घेतल्यावर आणि नुकसानीचा हिशेब पुरा झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो पहिल्याहून बिकट असतो : ज्या कामात आपण चुकलो, त्याच कामाला पुन्हा हात घालण्याचे बळ कोठून आणावयाचे?

या प्रश्नावर आप्तेष्टांकडून मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो. झाले गेले विसरून जा. त्या सल्ल्यामागील माया खरी असली, तरी सल्ला अपुरा आहे. कारण आपली चूक नेमकी कोणत्या जागी झाली हे ज्याला उमगलेले नाही, त्याला प्रसंगाचे विस्मरण झाले तरी भय सोडत नाही, आणि दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून पिणाऱ्याप्रमाणे तो निर्धोक कामांतही अडखळू लागतो. हे भय कसे जाते, याचे उत्तम उदाहरण मला नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदारांच्या 2010 सालच्या अनुभवात दिसते.

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमारास केलेल्या खरड छाटणीनंतर नव्या काड्यांत पुढील हंगामाच्या घडांची निर्मिती होते, आणि ऑक्टोबरच्या सुमारास केलेल्या गोडी छाटणीनंतर ते घड बाहेर पडून उन्हाळ्याच्या तोंडाशी माल काढणीस येतो. वेलीची फाजील वाढ आवरावी आणि काडीत घड धरावा, म्हणून खरड छाटणीनंतर क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजेच बागाईतदारांच्या बोलण्यातले ‘सीसीसी’, फवारण्याचा प्रघात होता. फवारणी उन्हाळ्यात आणि फळ त्यानंतरच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा मध्ये इतके महिने लोटल्यावर त्याचा अंश फळात कसा उतरेल, असे बहुतेकांस वाटत असल्यास नवल नाही. प्रत्यक्षात हे द्रव्य वेलीत दीर्घकाळ टिकून राहते. 2010 च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत ते मर्यादेपेक्षा अधिक प्रमाणात आढळले. ती मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग, एवढी सूक्ष्म होती. माल अडवला गेला, नाकारला गेला, आणि वर्षभराच्या कष्टावर व कर्जावर उभ्या असलेल्या कुटुंबांवर आकाश कोसळले.

या प्रसंगातील सर्वांत बोधप्रद गोष्ट अशी की, तपासणीची व्यवस्था त्यापूर्वीच अस्तित्वात होती. 2003 साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष सापडल्यावर अवशेष-नियंत्रणाची योजना अमलात आली होती. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे प्रयोगशाळांच्या देखरेखीचे काम होते. 2006 पासून ‘अपेडा’ या निर्यात प्राधिकरणाच्या ‘ग्रेपनेट’वर निर्यातक्षम बागांची नोंद होत होती. परंतु ज्या द्रव्यांचा शोध घ्यावयाचा त्यांच्या यादीत सीसीसीचे नावच नव्हते. प्रयोगशाळेने दिलेला दाखला खोटा नव्हता. जे विचारले गेले नव्हते, त्याचे उत्तर त्यात नव्हते, इतकेच. कसूर एकट्या फवारणाऱ्याची नव्हती, तशी एकट्या तपासनिसाचीही नव्हती. ती सर्वांच्या नजरेतून निसटलेल्या एका जागेत होती.

मग बागाईतदारांनी काय केले? निर्यातीचा नाद सोडून ते स्वस्थ बसले नाहीत, आणि काही घडलेच नाही अशा थाटात पूर्वीच्याच रीतीने फवारणीही करत राहिले नाहीत. सीसीसीचा समावेश तपासणीच्या यादीत झाला. कोणत्या प्लॉटवर, कोणत्या तारखेस, कोणते औषध, किती मात्रेत फवारले, याची नोंदवही ठेवण्याची शिस्त अधिक कसोशीने पाळली जाऊ लागली, आणि काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत उतरल्यावाचून माल युरोपच्या वाटेला लावावयाचा नाही, या नियमाचे मोल प्रत्येकास स्वतःच्या नुकसानीवरून पटले. 2010-11 या वर्षी देशाची द्राक्षनिर्यात घसरून लाखभर टनांवर आली होती, आणि तीत अवकाळी पावसाचाही वाटा होता. 2012-13 मध्ये ती पावणेदोन लाख टनांच्या घरात पोहोचली, आणि 2018-19 मध्ये सुमारे 2 लाख 46 हजार टन झाली. या निर्यातीचा सर्वांत मोठा भार नाशिक जिल्ह्यानेच उचलला आहे.

कचेरीत, कारखान्यात, इस्पितळात अथवा शाळेत काम करणाऱ्या माणसाने या इतिहासातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, चूक आणि चुकणारा यांची फारकत करून चुकीची जागा निश्चित करावी. ‘मी नालायक आहे’ या वाक्यावर कोणताही इलाज नाही, परंतु ‘मी बेरीज दुसऱ्यांदा पडताळली नाही’ या वाक्यावर आजच इलाज करता येतो. दुसरी ही की, त्या जागी पहारा बसवावा, आणि तो स्मरणशक्तीच्या भरवशावर न ठेवता कागदावर उतरवावा; कारण थकलेल्या मनाला जे आठवत नाही ते नोंदवहीला आठवते. तिसरी, आणि सर्वांत कठीण, ही की, तेच काम लवकरात लवकर पुन्हा मागून घ्यावे. आरंभी ते लहान प्रमाणात आणि एखाद्या जाणत्या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली असले तरी चालेल. परंतु केवळ चिंतनाने विश्वास परत आल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. तो प्रत्येक बिनचूक कामागणिक थोडाथोडा जमा होतो.

वरिष्ठांच्या जागी बसलेल्यांनाही येथे एक विनंती आहे. चुकलेल्या माणसाचे काम कायमचे काढून घेणे हा बंदोबस्त वाटला, तरी त्याने चुकीचे कारण जागच्या जागी राहते आणि एक अनुभवी हात मात्र वाया जातो. त्याच्याकडून कैफियत अवश्य घ्यावी, पण ती पुरी होताच ‘यापुढे हे कसे करशील?’ असेही विचारावे, आणि त्याने सांगितलेल्या रीतीने ते काम त्यालाच करू द्यावे. वाचकांपैकी ज्यांच्या मनात आज अशी एखादी चूक सलत असेल, त्यांनी पुढील लेखांक हाती येण्यापूर्वी तिची नेमकी जागा एका ओळीत लिहून काढावी. त्या ओळीखाली आपला पहिला उपाय लिहावा, आणि उद्या कामावर गेल्यावर आरंभ तेथूनच करावा.