श्रोत्याची तक्रार : मोटारीतील संदेशवहन-दोषांचे निदान

मोटारीच्या विद्युत्-दोषांचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकास परका वाटण्याचा संभव आहे. तथापि आजच्या मोटारीत अनेक नियंत्रक नांदत असून ते एकमेकांशी अखंड बोलत असतात. बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेल्या 'कॅन' पद्धतीत या सर्व संभाषणास, परस्परांना पीळ दिलेल्या, दोन तारा पुरतात. शांततेच्या वेळी दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट दाब असतो. बोलताना एक ३.५ पर्यंत चढते, दुसरी १.५ पर्यंत उतरते. संकेत दाबात नाही, दोहोंतील भेदात आहे. सोस्यूरच्या वाचकास हे निराळे सांगावयास नको.

हे संभाषण खुंटले म्हणजे नियंत्रकाच्या स्मृतीत दोषसंकेत नोंदला जातो. 'यू ०१२१' हा त्यांतलाच एक. त्याचा अर्थ इतकाच की, ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या 'एबीएस' नियंत्रकाशी संपर्क तुटला. गॅरेजात मात्र हेच वाक्य 'एबीएस बिघडला' असे वाचले जाते, आणि हजारो रुपयांचा भाग बदलूनही इशाऱ्याचा दिवा पेटलेलाच राहतो. वस्तुतः हे वाक्य श्रोत्याचे आहे, वक्त्याचे नव्हे. अमुकाचा आवाज मला ऐकू आला नाही, एवढेच ते सांगते. वक्ता मुका झाला, वाट तुटली की श्रोताच बहिरा आहे, याचा निर्णय त्यात नाही.

म्हणून प्रथम पाहावयाचे ते तक्रार कोणाकोणाची आहे हे. अनेक नियंत्रक एकाच्याच मौनाविषयी बोलत असतील तर संशय त्या एकावर घ्यावा, पण त्यातही आधी त्याच्या फ्यूजवर, अर्थिंगवर आणि त्याच्याकडे जाणाऱ्या तारांच्या फाट्यावर. उलट एकटाच नियंत्रक इतर सर्वांविषयी तक्रार करीत असेल तर तपासणी तक्रारदाराची व्हावी. वक्त्याची साक्ष येथे फारशी उपयोगी पडत नाही. कॅनमध्ये प्रत्येक संदेशास श्रोत्यांनी हुंकार द्यावयाचा असतो. परंतु कहाणी ऐकणाऱ्यांपैकी एकाने हुंकार दिला तरी सांगणाऱ्याचे समाधान होते. ज्याच्यासाठी कहाणी सांगितली त्याने ती ऐकली की नाही, हे त्यास कळत नाही.

यानंतर मापन. बॅटरी सोडवून, तपासणीच्या सोळा पिनांच्या सॉकेटातील ६ व १४ या पिनांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. मुख्य वाटेच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोधक असल्याने वाचन ६० च्या आसपास यावे. १२० आल्यास एका टोकाशी संबंध तुटला असे समजावे. शून्याजवळ आल्यास तारा एकमेकींस भिडल्या. काही मोटारींत सॉकेट आणि वाट यांच्यामध्ये द्वारपाल-नियंत्रक बसविलेला असतो. तेथे मापन प्रत्यक्ष तारांवरच करणे प्राप्त आहे.

६० आले म्हणून निश्चिंत होणेही बरे नव्हे. एखाद्या नियंत्रकाचा फाटा तुटला असता टोकांचे रोधक शाबूतच राहतात, आणि सॉकेटावर वाचन ६० च येते. अशा वेळी त्या नियंत्रकाची जोडणी काढून, तारांच्या बाजूने, पुन्हा रोध मोजावा. तेथेही ६० मिळाले आणि विद्युत्पुरवठा व अर्थिंग ठीक असले, तरच नियंत्रकाकडे बोट दाखवावे. ज्याच्या पोटातच टोकाचा रोधक आहे असा नियंत्रक काढल्यास मात्र तेथे १२० येईल, आणि तो दोष नव्हे.