जोड दिसू द्यावा

मॉरिस मायनर या गाडीच्या बॉनेटवर मधोमध, पुढून मागे, सुमारे चार इंच रुंदीची एक उंचावलेली सपाट पट्टी असते. लहानपणी वडिलांची गाडी पुसताना मला ती शोभेची वाटायची. बऱ्याच वर्षांनी वाचनात आले, की ती एका कापाकापीची खूण आहे. घरच्या घरी जुनी गाडी उभी करताना जो प्रश्न मला सतत छळत राहिला, त्याचे अर्धे उत्तर याच पट्टीत होते. पण ते समजायला मला सहा वर्षे लागली.

आधी पट्टीची हकिगत. या गाडीचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस. स्मर्ना शहरात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये, जन्मलेला आणि पुढे १९५९ साली ‘मिनी’ घडवणारा हाच तो माणूस. दुसरे महायुद्ध चालू असतानाच त्याने सामान्य कुटुंबाला परवडेल अशा छोट्या गाडीचा आराखडा हाती घेतला. नमुना तयार झाला, साचे बनू लागले, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात इसिगोनिसला ती अरुंद वाटू लागली. त्याने नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापायला लावली आणि दोन्ही अर्धुके एकमेकांपासून सरकवत नेली. नजरेला ठीक वाटले तिथे थांबवले. अंतर भरले चार इंच. बॉनेटला पट्टी आली ती त्यामुळे. बंपर तर आधीच तयार होऊन पडले होते. ते मधून कापून त्यांत तुकडा बसवला गेला. सुरुवातीच्या गाड्यांवर तो जोड उघड दिसतो. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली. दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी ठरली, आणि १९७१ पर्यंत सोळा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. बॉनेटवरची पट्टी शेवटपर्यंत राहिली.

आपल्याकडे हीच गाडी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्थान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली. त्याच कंपनीची पुढची अ‍ॅम्बॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डचे तिसरे रूप. ती सर्वांच्या ओळखीची आहे. बेबी मात्र विस्मृतीत गेली. माझे वडील साताऱ्यात हायस्कुलात शिक्षक होते. त्यांनी १९६४ साली एक बेबी जुन्यातच घेतली, आणि १९९१ पासून ती आमच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मी नोकरी केली ती बँकेत. इंजिनिअरिंगचे शिक्षण शून्य. २०१६ साली, वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात, मी तिच्यावरची ताडपत्री काढली.

गाडी वरून बरी दिसत होती. १९८७ साली एका गॅरेजमध्ये तिचे ‘फुल काम’ करून घेतले होते आणि रंग अजून टिकून होता. दाराखालच्या पोकळ पेटीला, जिला मी गाडीचा उंबरा म्हणतो, स्क्रू ड्रायव्हरचे टोक सहज लावून पाहिले. ते मुठीपर्यंत आत गेले. रंगाखाली लांबी होती, लांबीखाली चुरगळून कोंबलेले वर्तमानपत्र, आणि त्यामागे काहीच नव्हते.

याचा अर्थ काय होतो, हे समजून घ्यायला या गाडीची रचना पाहावी लागते. ट्रकला किंवा जीपला खाली स्वतंत्र सांगाडा असतो आणि वर बॉडी ठेवलेली असते. बॉडी कुजली तरी सांगाडा चालत राहतो. मायनरमध्ये तसे नाही. तळाचा पत्रा, दोन्ही उंबरे आणि पुढच्या बैठकीखालची आडवी पेटी मिळूनच तिचा कणा होतो. पुढच्या चाकांचा भार स्प्रिंगवर नसून लांब पोलादी दांड्यांवर असतो. दांडीचे पुढचे टोक चाकाच्या खालच्या हाताला आणि मागचे टोक त्या आडव्या पेटीला अडकवलेले असते. चाक वर गेले की दांडी पिळली जाते, आणि तो पीळ पेटी सहन करते. आमच्या गाडीतली पेटी डाव्या बाजूला बोटाने तुटत होती. १९८७ ते १९९१ या चार वर्षांत आम्ही तिच्यातून दोनदा महाबळेश्वरचा घाट चढलो होतो. पाठीमागे आई आणि धाकटी बहीण.

कामाचा क्रम सांगतो, कारण घरी काम करणाऱ्याची पहिली चूक क्रमातच होते. उंबरा कुजला म्हणून तो सरळ कापून काढला तर गाडी मधोमध खचते आणि नंतर दार लागत नाही. म्हणून आधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे बांधायचे, गाडी चारही ठिकाणी सारख्या उंचीवर टेकवायची, आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. गंजलेला भाग चकाकणारा पत्रा लागेपर्यंत कापायचा. तो बहुधा डोळ्यांना वाटतो त्याच्या दुप्पट निघतो. नवा तुकडा आधी पुठ्ठ्याचा कापून बसवून पाहायचा, मग पत्र्याचा. वेल्डिंग सलग ओढायचे नाही. इथे एक टिपका, तिथे एक टिपका असे करत जायचे, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो. प्रत्येक टप्प्यावर दार लावून फट मोजायची. आमच्या पेठेतले वेल्डिंगवाले मेस्त्री रविवारी येत. पहिला जोड घासून झाल्यावर ते म्हणाले, “साहेब, वरून लांबी मारतो, कुणाला कळणारसुद्धा नाही.” मी म्हटले, “मेस्त्री, आतल्या बाजूने राहू द्या तसाच. मला कळला पाहिजे.” ते हसले. पण पुढच्या रविवारपासून त्यांचे जोड जास्त नेटके येऊ लागले, हे मी नोंदवून ठेवतो.

पत्र्यानंतर पुढच्या चाकांची खुंटी. चाक ज्या उभ्या खुंटीभोवती वळते, तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे असतात आणि त्या आट्यांवरच ती फिरते. म्हणजे स्क्रू हाच इथे बिजागरी झाला. ग्रीस वेळच्या वेळी मिळाले तर तो वर्षानुवर्षे टिकतो. नाही मिळाले तर आटे झिजतात, आणि एखाद्या वळणावर खुंटी सुटून चाक आडवे पडते. मायनर वापरणाऱ्यांत ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ग्रीसगनचे चार दाब, एवढाच त्यावर उपाय.

इंजिन सोपे निघाले. ९१८ सीसीचे, व्हॉल्व्ह बाजूच्या ब्लॉकमध्ये बसवलेले असल्याने हेड म्हणजे जवळजवळ झाकणच. छळले ते नटबोल्टांनी. डोक्याला ब्रिटिश व्हिटवर्थ पाना बरोबर बसे, पण त्याच मापाचा ब्रिटिश बोल्ट भोकात जाईना. त्याचे कारण इतिहासात आहे. १९२३ साली मॉरिसने हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्री येथील कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी. यंत्रे बदलण्याऐवजी मॉरिसने आटे फ्रेंच ठेवले आणि बोल्टची डोकी ब्रिटिश पान्यांना चालतील अशी केली. ज्याला आपण अस्सल ब्रिटिश गाडी म्हणतो, तिच्या पोटात असा दोन देशांचा जोड आहे.

आता मूळ प्रश्न. तळ नवा, उंबरे नवे, आडवी पेटी नवी, ब्रेकची रबरे आणि नळ्या नव्या. मग ही वडिलांची गाडी उरली का? तत्त्वज्ञानातले हे कोडे जुने आहे, पण सरकारांनाही ते सोडवावे लागते. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने त्यासाठी गुणपद्धत वापरली: बॉडी किंवा चॅसीला ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. जुना क्रमांक राखायला किमान ८ लागत. ज्याला आपण गाडीचे हृदय म्हणतो, त्या इंजिनाला सगळ्यांत कमी गुण! आपल्याकडे २०२१ साली विंटेज वाहनांचे नियम आले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात राखलेली हवी, आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा.

हे ‘मूळ स्वरूप’ कशाला म्हणायचे? एक उत्तर इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या चार्ल्स वेअर यांनी दिले होते. मायनर दुरुस्त करण्याचे केंद्र त्यांनी चालवले, आणि १९८२ साली टिकाऊ गाडीच्या मालकीविषयी एक पुस्तक लिहिले. गाडी ही दर काही वर्षांनी बदलण्याची वस्तू नसून घरासारखी सतत डागडुजी करत वापरण्याची वस्तू आहे, असा त्यांचा विचार होता. पुढे १९९० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने श्रीलंकेत मायनरचे पत्र्याचे भाग बनू लागले. तिथे या गाड्या रोजच्या वापरात होत्या आणि हाताने पत्रा घडवणारे कारागीरही होते. इंग्लंडमधल्या गाड्यांना श्रीलंकेतला पत्रा बसला, आणि म्हणून त्या रस्त्यावर राहिल्या.

मला हे उत्तर पटते, पण त्याला मी एक अट जोडतो. घराची डागडुजी करताना आपण भेगेवर कॅलेंडर लावले तर ती डागडुजी होत नाही. १९८७ सालच्या आमच्या गाडीचे बाह्य रूप अगदी मूळचे होते. खोटी होती ती आतून. आज ती आतून ठिगळांची आहे, आणि खरी आहे. भाग किती बदलले यापेक्षा बदललेले दिसते का, पुढच्या माणसाला ते वाचता येते का, याला मी जास्त महत्त्व देतो. इसिगोनिसनेही आपला चार इंचांचा पश्चात्ताप लपवला नाही. बॉनेटच्या मधोमध ठेवला.

नोंदणीचा अर्ज मी भरून ठेवला आहे. ‘मूळ स्वरूप’ या शब्दांपाशी माझे पेन बराच वेळ थांबले होते. शेवटी प्रत्येक जोडाचा फोटो, तारीख आणि पत्र्याची जाडी लिहिलेली एक वही अर्जासोबत जोडायचे ठरवले. मान्य होईल की नाही, ते साहेब ठरवतील. परवा गाडी मागच्या शेडमधून पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीने बाहेर आली. बहिणीने दार उघडले, आणि मागे बसण्याआधी खाली वाकून उंबऱ्याला बोटाने टोचून पाहिले.