एक रस्ता, दोन पीठे : मद्रासमधील धर्माधिकाराचा वाद

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात आर्मेनियन स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. तमिळ जिभेने ‘आर्मेनियन’ या शब्दाचे ‘अरण्मनैक्कारन’, म्हणजे राजवाड्याचा माणूस, असे रूपांतर करून टाकले आणि पुढे तेच नाव कागदोपत्रीही चढले. या रस्त्यावर एकमेकांपासून थोड्याच अंतरावर दोन ख्रिस्ती मंदिरे उभी आहेत. एक आर्मेनियन व्यापाऱ्यांनी १७७२ मध्ये बांधलेले, दुसरे रोमन कॅथलिकांचे सेंट मेरीचे. दोन्ही मंदिरे मेरीमातेच्या नावाची आहेत. दोघांचाही ख्रिस्तावर विश्वास आहे. तथापि पहिल्या मंदिराने रोमच्या पोपची सत्ता कधी मानली नाही, आणि दुसऱ्या मंदिराचा इतिहास पोपची सत्ता नेमकी कोठपर्यंत पोहोचते या वादाने अडीचशे वर्षांहून अधिक काळ ढवळून निघाला. युरोपातील धर्मेतिहासाच्या ग्रंथांत वाचावयाचा एक प्रश्न मद्रासच्या बाजारपेठेत कसा येऊन पोहोचला, हे पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी प्रथम फार मागे जावे लागेल. ख्रिस्ताच्या बारा शिष्यांत पीटर हा अग्रणी होता. त्यालाच ख्रिस्ताने आपल्या मंडळीचा पाया म्हटले, असे मॅथ्यूच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. पीटर रोममध्ये हुतात्मा झाला अशी फार जुनी परंपरा आहे. यावरून रोमच्या बिशपला विशेष मान असावा याविषयी प्रारंभीच्या शतकांत फारसा मतभेद नव्हता. वाद होता तो मान आणि हुकूम यांमधल्या अंतराविषयी. इ. स. १९० च्या सुमारास ईस्टरचा सण कोणत्या दिवशी पाळावा यावरून रोमचा बिशप व्हिक्टर याने आशिया मायनरमधील मंडळ्यांना बहिष्काराची धमकी दिली. तेव्हा लियाँचा बिशप आयरेनियस याने त्याला सबुरीचा सल्ला दिला. आयरेनियस रोमचा चांगला आदर करणारा होता. परंतु रीतिभेदासाठी संबंध तोडणे त्याला मान्य नव्हते.

याहून तीव्र संघर्ष २५६ मध्ये झाला. पाखंडी पंथात ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे अशा माणसाला स्वीकारताना पुन्हा बाप्तिस्मा द्यावा की नाही, हा प्रश्न होता. रोमच्या स्टीफनचे उत्तर ‘नको’ असे, तर उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या सिप्रियनचे ‘हवा’ असे होते. स्टीफनने पीटरच्या आसनाचा आधार घेतला. सिप्रियनने ८७ बिशपांची सभा भरवली आणि कोणीही बिशप दुसऱ्या बिशपांवरचा बिशप होऊ शकत नाही अशी भूमिका घेतली. त्याच्या मते पीटरला दिलेला अधिकार सर्व बिशपांनी मिळून धारण केलेला आहे. मंडळीच्या ऐक्यावरील त्याच्या पुस्तकातील एका प्रकरणाचे दोन पाठ आजही उपलब्ध आहेत. त्यांपैकी एकात पीटरच्या अग्रस्थानावर अधिक भर आहे, दुसऱ्यात तो कमी आहे; आणि दोन्ही पाठ सिप्रियनचेच असावेत असे पुष्कळ अभ्यासक मानतात. वादाच्या भरात स्वतःचे वाक्य दुरुस्त करणारा हा बिशप त्यामुळे मला अधिकच जवळचा वाटतो. गमतीची गोष्ट अशी की, बाप्तिस्म्याच्या मूळ प्रश्नावर पुढे पश्चिमेकडील मंडळीने स्टीफनचेच मत स्वीकारले, पण अधिकाराचा प्रश्न मात्र मिटला नाही.

४५१ मध्ये कॅल्सिडनच्या धर्मपरिषदेत पोप पहिला लिओ याच्या पत्राला मोठा मान मिळाला. त्याच परिषदेने कॉन्स्टँटिनोपलच्या पीठाला रोमच्या बरोबरीचे विशेषाधिकार दिले, आणि ते लिओने नाकारले. आर्मेनियन मंडळीने तर सहाव्या शतकापासून ही परिषदच अमान्य केली आणि ती आपल्या कॅथलिकोस नामक प्रमुखाखाली स्वतंत्र राहिली. मद्रासच्या आर्मेनियन मंदिराची परंपरा ही अशी आहे. (याच मंदिराशी संबंधित एका धर्मगुरूने १७९४ मध्ये मद्रासमध्ये ‘अझदरार’ हे नियतकालिक काढले. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक ते हेच.)

आता रोमच्या छत्राखालील मंदिराकडे वळू. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भारतातील वादात दोन्ही बाजू पोपला मानणाऱ्याच होत्या. पंधराव्या शतकापासून निरनिराळ्या पोपांनी पोर्तुगालच्या राजाला समुद्रापलीकडील प्रदेशांत मंदिरे उभारण्याचा, त्यांचा खर्च सोसण्याचा आणि त्या बदल्यात बिशपांची नावे सुचविण्याचा हक्क दिला होता. या हक्काला ‘पाद्रोआदो’ म्हणतात. आपल्याकडील देवस्थानांच्या इनामदारांचे स्मरण ज्यांना आहे त्यांना ही व्यवस्था समजण्यास अडचण पडणार नाही : देव सर्वांचा, पण पुजारी कोण नेमणार हे सनदेवर अवलंबून. या सनदांच्या आधारे १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि १६०६ मध्ये सेंट थॉमसच्या समाधीचे स्थान म्हणून प्रसिद्ध असलेल्या मैलापूरचा.

परंतु पोर्तुगालसारख्या लहान राष्ट्राला आफ्रिकेपासून चीनपर्यंतचा भार पेलणे अशक्य होते. हे ओळखून पोप पंधरावा ग्रेगरी याने १६२२ मध्ये ‘प्रोपागांदा फिदे’ हे धर्मप्रसार मंडळ स्थापन केले. हे मंडळ थेट पोपच्या नावाने प्रतिनिधी पाठवी. राजाला विचारण्याचा प्रश्नच नसे. येथून ठिणगी पडली.

या ठिणगीचा पहिला चटका एका गोवेकराला बसला. दिवाडी बेटावरील ब्राह्मण घराण्यातील मातेउश दे कास्त्रू हा गोव्यात पुरोहितपदाची आशा नसल्यामुळे रोमला गेला, तेथे धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये बिशप. विजापूरच्या आदिलशाही मुलखात, म्हणजे मराठी बोलणाऱ्या प्रदेशात, पोपचा प्रतिनिधी म्हणून त्याची नेमणूक झाली. गोव्याच्या आर्चबिशपने त्याचा अधिकार मानला नाही. त्याने दिलेल्या दीक्षाही ग्राह्य धरल्या नाहीत. कास्त्रू डिचोलीस, पोर्तुगीज हद्दीबाहेर राहिला आणि १६५३ मध्ये त्याने गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्ती लोकांना उद्देशून पोर्तुगीजांविरुद्ध एक जळजळीत लेख लिहिला. त्याच्या स्वभावात ताठा होता हे खरे. तथापि पोपने दिलेले बिशपपद पोपच्याच नावाने चालणाऱ्या दुसऱ्या पीठाने झिडकारावे, हा अनुभव कोणालाही कडवट करणारा आहे. तो १६७७ मध्ये रोममध्ये वारला.

मद्रासमध्ये हीच कथा वेगळ्या वेषात घडली. इंग्रजांनी १६४० मध्ये फोर्ट सेंट जॉर्ज बांधण्यास प्रारंभ केला. १६४२ मध्ये एफ्रेम द नव्हेर हा फ्रेंच कापुचिन साधू पेगूला जाण्याच्या वाटेवर तेथे आला. कंपनीच्या वस्तीत पोर्तुगीज वंशाचे बरेच कॅथलिक होते. ते प्रार्थनेसाठी मैलापूरला जात आणि तेथील पोर्तुगीज पाद्र्यांच्या प्रभावाखाली राहात. इंग्रजांना हे रुचणारे नव्हते. त्यांनी एफ्रेमला ठेवून घेतले. पोपची सत्ता झुगारून दिलेल्या राष्ट्राचे व्यापारी पोपच्या मंडळाने पाठविलेल्या साधूला आश्रय देतात आणि पोपनिष्ठ पोर्तुगालचे बिशप त्याच्याविरुद्ध उभे राहतात, असा हा विलक्षण देखावा होता. १६४९ मध्ये एफ्रेम मैलापूरला गेला असता त्याला पकडून गोव्याच्या इन्क्विझिशनच्या तुरुंगात धाडण्यात आले. त्याच्या सुटकेसाठी कंपनीने खटपट केली, गोवळकोंड्याच्या सत्तेचेही दडपण पोर्तुगीजांवर आले, आणि अखेर तो परतला. त्यानंतर अनेक दशके त्याने मद्रासमध्येच काम केले.

किल्ल्यातील कापुचिनांचे दिवस अठराव्या शतकात संपले. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले. १७४९ मध्ये ते परत मिळाल्यावर इंग्रजांनी कॅथलिक पाद्र्यांवर फितुरीचा संशय घेतला, त्यांना किल्ल्याबाहेर काढले आणि तेथील त्यांचे मंदिर पाडून टाकले. मग ब्लॅक टाउनमधील आर्मेनियन स्ट्रीट हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. १९११ मध्ये राजा पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने ब्लॅक टाउनला जॉर्ज टाउन हे नाव मिळाले.

खरा स्फोट एकोणिसाव्या शतकात झाला. १८३२ मध्ये पोप सोळावा ग्रेगरी याने मद्रासला स्वतंत्र प्रेषितीय प्रतिनिधीचे क्षेत्र ठरविले, आणि १८३५ मध्ये डॅनियल ओ’कॉनर हा आयरिश बिशप तेथे आला. दरम्यान पोर्तुगालने आपल्या देशातील धर्मसंघ बरखास्त करून रोमशी संबंध तोडले होते. १८३८ मध्ये पोपने एका आज्ञापत्राने मैलापूर, कोचीन व क्रांगानोर येथील पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. मैलापूरच्या कारभाऱ्यांनी तो सोडण्यास नकार दिला. त्यांचा युक्तिवाद हास्यास्पद नव्हता. पोपांनी राजाशी केलेला करार एका पोपला एकतर्फी मोडता येतो काय? राजाची संमती नसलेले आज्ञापत्र राजाच्या क्षेत्रात लागू कसे होईल? काहींनी तर ते पत्र बनावट असल्याचे सांगितले. विरुद्ध पक्षाचे म्हणणे असे की, सवलत देणाऱ्याला ती काढून घेण्याचाही अधिकार असतो आणि आत्म्यांची काळजी कोणत्याही सनदेहून श्रेष्ठ आहे. सिप्रियन आणि स्टीफन यांचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहिला, फक्त बिशपांच्या सभेच्या जागी आता राजाचा मुकुट होता.

या भांडणाची झळ सामान्य कुटुंबांना बसली. ज्या पाद्र्याला अधिकार नाही त्याने लावलेला विवाह वैध काय, त्याने दिलेली पापक्षमा खरी काय, अशा शंकांनी घरे पोखरली जात. एकाच वस्तीत सख्खे भाऊ दोन निरनिराळ्या बिशपांचे अनुयायी होत. मुंबईत हे चित्र आणखी जुने होते. तेथे १७२० मध्ये इंग्रजांनी गोव्याच्या आर्चबिशपचा अधिकार काढून कार्मेलाइट बिशपकडे दिला होता आणि १७९४ मध्ये मंदिरांची दोन पक्षांत वाटणीच केली होती. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकेल मंदिरातील लोक गोव्याच्या बाजूला जाण्यास निघाले, तेव्हा बिशप हार्टमान मंदिरात जाऊन बसला. लोकांनी बाहेरून वेढा दिला. जवळजवळ पंधरा दिवसांनी सरकारने मध्ये पडून वेढा उठविला आणि मंदिर गोव्याच्या पक्षाकडे गेले.

१८५७ च्या तहाने फारसे साधले नाही. १८८६ मध्ये पोप तेरावा लिओ याने पोर्तुगालशी नवा करार केला. मैलापूरचा धर्मप्रांत पाद्रोआदोखाली राहिला, गोव्याच्या आर्चबिशपला ‘पूर्वेकडील भारताचा पॅट्रिआर्क’ ही पदवी मिळाली, आणि मद्रास हा रोमच्या थेट देखरेखीखालील महाधर्मप्रांत झाला. अर्थात एकाच शहरात दोन बिशप कायम राहिले. काही प्रसंगी पोर्तुगीज पासपोर्ट असलेला बिशप मैलापूरला आणि आयरिश बिशप आर्मेनियन स्ट्रीटवर, असा हा दुहेरी संसार स्वातंत्र्यानंतरही चालू होता.

स्वतंत्र भारतात परकीय राष्ट्राध्यक्षाने येथील बिशपांच्या नेमणुकीत भाग घ्यावा ही गोष्ट टिकणे शक्य नव्हते. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने भारतीय संघराज्यातील आपला हक्क सोडला. मुंबईत त्याच वर्षाच्या अखेरीस व्हॅलेरियन ग्रेशस हे भारतीय आर्चबिशप झाले. १९५२ मध्ये मद्रास आणि मैलापूर हे दोन धर्मप्रांत एकत्र करून त्यांचा मद्रास-मैलापूर हा महाधर्मप्रांत बनविण्यात आला, आणि लुई माथियास त्याचे पहिले आर्चबिशप झाले. मुख्य पीठ कोठे ठेवावे हा प्रश्न आलाच. मान मैलापूरच्या सॅन थोमे मंदिराला मिळाला. आर्मेनियन स्ट्रीटवरील सेंट मेरीला सहपीठाचा दर्जा देण्यात आला, आणि आजही तेथे मंगळवारी संत अंतोनीच्या दर्शनासाठी सर्व धर्मांच्या लोकांची रांग लागते.