प्रवाळाची कलमं

वाशीच्या पुलावरून जाताना दोन्ही अंगांना पाणीच पाणी दिसतं, पण नवी मुंबईतल्या फ्लॅटमध्ये प्रवाळाची टाकी ठेवायची म्हटली तर त्यातलं बादलीभरही कामाला येत नाही. ठाणे खाडीचं पाणी गाळाने गढूळ असतं, पावसाळ्यात त्याचा खारटपणा झपाट्याने उतरतो आणि शहरांचं सांडपाणीही तिलाच मिळतं. टाकीतल्या प्रवाळाला याच्या अगदी उलट हवं असतं. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार, पंचवीस-सव्वीस अंश तापमान, ४०० ते ४५० पीपीएम कॅल्शियम, आणि हे आकडे आज एक, उद्या दुसरे असं चालत नाही. त्यामुळे समुद्राच्या इतक्या जवळ राहूनही समुद्र घरीच बनवावा लागतो. आरओचं पाणी, त्यात मोजून घातलेलं तयार समुद्री मीठ, एप्रिल-मेमध्ये चिलर, आणि वीज गेलीच तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप.

ही विद्या एका रात्रीत जमलेली नाही. प्रयोगशाळांइतकीच ती लोकांच्या दिवाणखान्यांत घडली, हे तिचं वेगळेपण. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली साधी रीत अमेरिकेतल्या एका मत्स्यालय-मासिकात मांडली. जीवजंतू वसलेले ‘जिवंत’ दगड, स्वच्छ समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर ते प्रवाळ जगवत होते. जाकार्ताला समुद्रही जवळ आणि ऊनही भरपूर. युरोपात दोन्हींची वानवा, म्हणून तिथे प्रश्न रसायनाचा झाला. प्रवाळ आपला सांगाडा चुन्याचा बांधतं; तो चुना टाकीत आणायचा कुठून? १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी उत्तर दिलं ते आपल्याकडे घराघरात ठाऊक असलेल्या वस्तूचं: चुन्याची निवळी. टाकीतलं जेवढं पाणी वाफ होऊन उडतं, तेवढी निवळी थेंबथेंब सोडायची, आणि तीही शक्यतो रात्री, कारण अंधारात पाण्याचा पीएच उतरतो आणि निवळी तो सावरते.

पुढे १९८० च्या दशकात बर्लिनच्या हौशी मंडळींनी प्रखर मेटल हॅलाइड दिवे, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा प्रोटीन स्किमर आणि भरपूर जिवंत दगड यांची सांगड घातली. त्यांच्यातले डिट्रिश श्ट्यूबर यांनी आपल्या टाकीत वाढलेल्या ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाचे तुकडे करून ते इतरांना वाटायला सुरुवात केली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा तो ॲक्रोपोरा टाकीतून टाकीत फिरत राहिला. समुद्रातून पुन्हा काही काढावं न लागता एक प्रवाळ शेकडो घरांत पोहोचू शकतं, याचा हा जिताजागता पुरावा होता.

कोकणात आंब्याची कलमं बांधणाऱ्याला यातलं तत्त्व समजावून सांगावं लागणार नाही. प्रवाळाची एक वसाहत म्हणजे पॉलिप नावाचे हजारो इवले जीव, आणि ते बहुधा एकाच पॉलिपची हुबेहूब रूपं. फांदी तोडली तर तोडलेली फांदी मरत नाही, ती नवी वसाहत होते. हौशी लोक याला फ्रॅगिंग म्हणतात. हाडं कापायच्या कात्रीने किंवा हिऱ्याच्या पात्याच्या करवतीने तुकडा कापायचा, आयोडीनच्या पाण्यात बुडवून घ्यायचा, जेलसारख्या सुपरग्लूने सिरॅमिकच्या छोट्या चकतीवर चिकटवायचा आणि मध्यम प्रकाशात ठेवायचा. काही आठवड्यांत तो चकतीवर पसरायला लागतो. मग वाढीचा वेग जातीवर. पोराइट्ससारखं गोळ्यासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं, फांद्यांचा ॲक्रोपोरा त्याच्या कितीतरी पट. २००६ च्या सुमारास फ्लोरिडातल्या मोट प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन यांच्या लक्षात आलं, की तुकडे अगदी नखाएवढे केले तर संथ वाढणाऱ्या जातीसुद्धा जखम भरून काढण्याच्या घाईत कैक पटींनी वेगाने पसरतात. तीही टाकीतलीच शिकवण.

भारतात मात्र या हौसेची वाट ११ जुलै २००१ रोजी बदलली. केंद्र सरकारने त्या दिवशी रीफ बांधणारी सारी कठीण प्रवाळं, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघाला असतं ते संरक्षण त्यांना मिळालं. ते आवश्यकच होतं. मन्नारच्या आखातात चुन्यासाठी आणि सिमेंटसाठी प्रवाळ अक्षरशः खणून काढलं जात होतं. पण समुद्रातून तोडलेलं प्रवाळ आणि टाकीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला तुकडा यांत कायद्याने फरक केला नाही. आपल्याकडचा हौशी माणूस आज कठीण प्रवाळाकडे वळतो तेव्हा तो थेट या अनुसूचीच्या दारात उभा असतो, हे विकणाऱ्याने सांगितलं नाही तरी विकत घेणाऱ्याने जाणून असलं पाहिजे.

झोअँथिड त्या यादीत नावानिशी नव्हते. परदेशात याच मऊ, बटणांसारख्या जीवांच्या रंगीत वाणांना मोठी किंमत येते, आणि त्यांचे नातलग हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला उघडे पडलेले दिसतात. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाच्या किनारा-फेऱ्यांत असंख्य मुंबईकरांनी ते प्रथमच पाहिले. ते तिथेच राहू द्यावेत हे बरं. दुसरंही कारण आहे: त्यांच्यातल्या काही पॅलिथोआ जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. असे जीव चिकटलेले दगड स्वच्छ करण्यासाठी घरात उकळल्यामुळे त्या वाफेने कुटुंबंच्या कुटुंबं इस्पितळात दाखल झाल्याची उदाहरणं परदेशात नोंदली गेली आहेत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झोअँथिड कापू नयेत.

घरात अडलेली तुकडे लावण्याची ही विद्या आपल्या किनाऱ्यावर पोहोचली ती वेगळ्याच वाटेने. तुतिकोरिनच्या सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्थेने २००२ पासून मन्नारच्या आखातात प्रवाळाचे तुकडे पुन्हा लावायला सुरुवात केली. महाराष्ट्रात कासिम आणि वफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद १९७९ मध्येच केली होती, आणि १९८७ मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी धरून २९.१२ चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. तरी त्या प्रवाळाला हात लावून वाढवण्याचा विचार यायला २०१० चं दशक उजाडलं. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात तुतिकोरिनच्याच मंडळींच्या मदतीने मालवणच्या पाण्यात काँक्रीटच्या आधारांवर तुकडे बांधले गेले, स्थानिक तरुण डुबकी मारायला शिकले.

त्याच मालवणात दुसरीकडे पर्यटकांच्या डुबक्या वाढत होत्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कल्याण डे, मंदार नानजकर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हौशी डायव्हिंगमुळे तिथलं प्रवाळ कसं मोडतंय हे पुराव्यानिशी मांडलं. एका हाताने लावायचं आणि दुसऱ्याने तोडायचं, असा हा प्रकार. फांदीवर नुसता पाय पडला तरी जे मोडतं ते वाढायला वर्षं जातात.

त्याच वर्षी मुंबईत कोस्टल रोडचा प्रश्न आला. त्या कामाच्या वाटेतल्या वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळाच्या छोट्या वसाहती सापडल्या. त्यांची एकूण व्याप्ती एका चौरस मीटरहूनही कमी होती, पण अनुसूची एकमध्ये आकाराला सूट नाही. रीतसर परवानगी घेऊन नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली १८ वसाहती कुलाब्याच्या गीतानगरला आणि हाजी अलीच्याच किनाऱ्यावर दुसऱ्या जागी हलवण्यात आल्या. लक्षद्वीपच्या निळ्या पाण्यातल्या प्रवाळाच्या मानाने हे प्रवाळ दिसायला साधं आहे, बोटाच्या पेरात मावणाऱ्या कपांसारखं. पण गाळात, ओहोटीच्या उन्हात आणि महानगराच्या मैल्यात ते तगून राहिलं आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने हा ठेवा मोलाचा आहे.

नवी मुंबईच्या वाट्याला या साऱ्यात ऐरोली आली. वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तिथे आहे. फ्लेमिंगो पाहायला बोटी तिथूनच सुटतात. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन संस्थेच्या तांत्रिक साहाय्याने तिथे शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी राहिली आणि क्लाउनफिशची पिल्लं वाढवली जाऊ लागली. टाकीत जन्मलेला प्रत्येक क्लाउनफिश म्हणजे रीफवरून न पकडलेला एक मासा. जे माशाच्या बाबतीत सरकारने मान्य केलं, ते प्रवाळाच्या बाबतीतही करून पाहण्याची वेळ आली आहे.

कारण बाहेर जग पुढे गेलं आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी चंद्रप्रकाश, तापमान आणि दिवसाची लांबी यांची हुबेहूब नक्कल करून २०१३ मध्ये टाकीतल्या प्रवाळाला ठरल्या वेळी अंडी सोडायला लावली. त्याच पद्धतीने फ्लोरिडा ॲक्वेरियममध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये, समुद्रात जवळपास संपलेल्या पिलर कोरलचं प्रजनन झालं. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र तापला तेव्हा समुद्रातल्या रोपवाटिकांतली प्रवाळं घाईघाईने जमिनीवरच्या टाक्यांत हलवली गेली. एप्रिल २०२४ मध्ये तापलेल्या पाण्यात प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली.

आपल्याकडेही तेच करता येईल. मालवणच्या प्रत्येक जातीचे काही तुकडे ऐरोलीत जमिनीवरच्या टाक्यांत, थंड आणि स्थिर पाण्यात जपून ठेवावेत, म्हणजे एखाद्या मे महिन्यात खाली समुद्रात सारं पांढरं पडलं तरी पुन्हा लावायला मूळ वाण हाती राहील. मालवणचं अभयारण्यही वन विभागाकडे आहे आणि ऐरोलीचं केंद्रही. अनुसूची एकमधला जीव हलवायला परवानगी लागते, ती वरळीसाठी २०२० मध्ये मिळाली होती. आणि चोवीस तास पाण्याचे आकडे सांभाळणारे हात हवे असतील, तर ते खारघर, नेरूळ, वाशीच्या फ्लॅटमध्येही शोधावेत.