गुत्ते मोजा, पोलीस मिळवा

इंग्लंड आणि वेल्स मिळून पोलिसांची 43 प्रादेशिक दलं. म्हणजे 43 पानांची पंगत, आणि जिलबीचं ताट गृहखात्याच्या हातात. कुणाच्या पानात किती पडणार, यावरून तिथे जवळपास दोनशे वर्षं कुरबुर चालू आहे.

1839 चा कायदा म्हणत होता, काउंटीत हजार लोकांमागे एकापेक्षा जास्त पोलीस नको. किमान नव्हे, कमाल एक! घरपट्टी भरणाऱ्यांना चोरापेक्षा खर्चाची धास्ती जास्त. मग 1856 मध्ये सरकारने आमिष दाखवलं : तपासनीसाने दल ‘कार्यक्षम’ ठरवलं, तर पगार आणि गणवेशाचा चौथा हिस्सा आम्ही देऊ. परीक्षा पास झालात की शिष्यवृत्ती.

पानं तरी सारखी कुठे आहेत? वेल्समधलं डिफेड-पॉइस हे क्षेत्रफळात सगळ्यांत मोठं दल, दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक हद्द. डोंगर, कुरणं, मेंढ्या. दुसरीकडे सिटी ऑफ लंडनचं स्वतंत्र दल, हद्द जेमतेम तीन चौरस किलोमीटर. सकाळी निघालेला माणूस न्याहारीआधी ती पायी पालथी घालेल. पण बँका तिथेच, आणि देशभरातल्या आर्थिक फसवणुकीच्या तपासाचं नेतृत्वही याच चिमुकल्या दलाकडे.

तर मग मोजायचं काय? गुन्हे? छे! गुन्ह्यांवर पैसे मिळायला लागले तर गुन्हे कमी करणाऱ्याचंच पान कोरडं राहायचं. म्हणून लोकसंख्या, गरिबी, विरळ वस्ती असं काहीबाही निधीवाटपाच्या सूत्रात घालतात. 2015 मध्ये मांडलेल्या नव्या सूत्रात तर दर हेक्टरी बार किती, हाही निकष होता. हसू नका, शनिवारची रात्र ज्याने इंग्लंडच्या एखाद्या शहरात पाहिली आहे, त्याला हे गणित चटकन पटेल.

ते सूत्र आपटलं ते मात्र बारमुळे नाही. डेव्हन आणि कॉर्नवॉल दलाकडच्या लोकांनी आकडेमोड तपासली तर गृहखात्याने आकडेवारीच चुकीची वापरलेली! मंत्री माइक पेनिंग यांनी माफी मागितली, सूत्र गुंडाळलं, जुनंच चालू राहिलं. माझ्या मते सगळ्या कहाणीतला हा सर्वांत चविष्ट घास.

2019 मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी 20,000 जादा पोलिसांचं वचन दिलं. मार्च 2023 पर्यंत 20,951 जण वाढलेही. आधीच्या दशकात जवळपास तेवढेच घटले होते, ही गोष्ट घोषणा करणारे हळू आवाजात सांगत.

पहिल्या वर्षीच्या 6,000 जणांची वाटणी निधीच्या त्याच जुन्या सूत्राने झाली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन दलाला 1,369. सुमारे सहा लाख वस्तीच्या वॉरिकशायरला 41. आणि साडेआठ हजारांच्या आसपास रहिवासी असलेल्या सिटी ऑफ लंडनला? 44.