भाड्याचे घर : वीज-पाण्याचे बिल कोणी भरायचे?

वीज : तळा येथे वीजपुरवठा महावितरण करते. मीटर बहुधा घरमालकाच्या नावे असल्याने, करारानुसार बिल भाडेकरू भरत असला तरी कंपनीच्या लेखी ग्राहक मालकच राहतो. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार मालकाप्रमाणेच भोगवटादार, म्हणजे जागेत प्रत्यक्ष राहणारी व्यक्तीही, जोडणीसाठी अर्ज करू शकते; बिल थकल्यास कलम ५६ प्रमाणे किमान १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्यानंतरच पुरवठा तोडता येतो.

पाणीपट्टी, मालमत्ता कर : दोन्ही सामान्यतः मालकाकडे, पाणीपट्टी करारान्वये भाडेकरूकडे सोपवता येते.

गॅस, इंटरनेट : भाडेकरूकडे.

पुरवठा तोडणे : महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला असून, त्याच्या कलम २९ अन्वये पाणी, वीज, जिन्यातील दिवे, लिफ्ट व स्वच्छता या अत्यावश्यक सेवा मालकाला रास्त कारणाविना बंद करता येत नाहीत, हे संरक्षण अर्थातच तो अधिनियम लागू असलेल्या जागांपुरते आहे.

करारात नोंदवावे : ताबा घेतानाचे व सोडतानाचे मीटर वाचन, तसेच मागील थकबाकी कोणाची, याचा स्पष्ट उल्लेख.